कंदील्या

खेळाचं खरं नाव आम्ही कधी घेतलंच नाही.
डब्यावर छापलेलं कुणाला नीट वाचता यायचं नाही
आणि त्याच्या हातात कंदील होता,
म्हणून तो कंदील्या.
पहिला भाग आला तेव्हा आम्ही सहावीत,
राजारामपुरीत तासाला दहा रुपये,
पंख्याखाली एकच बरी खुर्ची.

आता नववा आलाय,
आणि गंगावेशीत दूध कट्ट्यावर
रात्री साडेनवाला भांडण पेटलंय.

यासीन म्हणतो, उडी मेली.
पूर्वी बटण दाबलं की तो क्षणभर गुडघ्यात वाकायचा,
खाईचा अंदाज घ्यायचा,
मग झेपायचा.
"आता रबर हाय नुसतं. भ्याच न्हाई त्याला."
उर्मिला म्हणते, वाकणंबिकणं काही नव्हतं,
जुनं यंत्र दमायचं,
त्याला तू अंदाज म्हणतोस.
यासीनच्या मिशीवर फेस तसाच.
शेजारी धार पडत राहते ग्लासात,
म्हशीला दोघांचंही पटल्यासारखी.

मी दिव्यांच्या बाजूचा.
आधी वाटेत दगडी खांब असायचे.
तिथवर पोचलात, वात पेटवलीत,
तरच झालेलं झालं.
नाहीतर मेलात की पुन्हा पहिल्यापासून.
तिसऱ्या भागात, दलदल ओलांडल्यावरचा तो खांब:
एका खुर्चीवर आम्ही तिघं, श्वास धरून,
चार पावलं उरली होती
आणि लाईट गेली.
यासीन रडला होता.
तो अजून म्हणतो, घाम होता.

आता खेळ आपला आपण सगळं लक्षात ठेवतो.
कोपऱ्यात एक ठिपका गरगरतो, बास.
खांब आहेत अजून, शोभेला.
मी म्हटलं, ज्याच्यावाचून अडत नाही
तो दिवा लावायचाच कशाला?
"घरात देवापुढं लावतोस न्हवं?" उर्मिला म्हणाली.
मला उत्तर सुचलं,
पण ते घरी गेल्यावर, दात घासताना.

मग विषय गेला नव्या बटणावर.
पूर्वी चार बोटं चार दिशांना,
वार, वळसा, ढाल, वार,
अंगठ्याला घट्टे पडायचे.
आता एकच दाबून धरा, तो लढतो.
"बारक्या पोरांसाठी केलंय," यासीन.
"ज्यांना जमत नाही त्यांनी खेळूच नये."
हे मी म्हणालो.
यासीन नाही, मीच. लिहून ठेवतो.

सुकुमार मगदूम डाव्या हातात ग्लास धरून बसला होता.
उजवा खिशात. तो खिशातच असतो.
शिरोलीच्या फौंड्रीत, दिवाळीला आठवडा असताना,
दोन बोटं साच्यापाशी राहिली.
त्यानंतर सहावा, सातवा, आठवा,
प्रत्येक भाग त्यानं
आमच्या खुर्चीमागं उभं राहून बघितला,
"डावीकडनं जा," "मागं हाय तो," म्हणत,
आणि हळूहळू तेही न म्हणत.
आम्ही म्हणायचो, सुक्याला आता नाद नाही राहिला.

"संपवला मी," तो म्हणाला.
काय?
"नववा. परवा. रातपाळी सुटल्यावर."
आम्ही अजून पुलापाशी होतो, सगळे.
"शेवटाला काय होतंय?" यासीन ओरडला
आणि लगेच स्वतःचेच कान झाकले.

सुकुमारनं ग्लास खाली ठेवला.
"खांब दिसतील तेवढे लावत गेलो.
गरज नव्हती."
माझ्याकडं बघून नाही म्हणाला.
रस्त्याकडं बघून म्हणाला,
तिथं एक केएमटी रिकामीच वळत होती.

मी काही बोललो असतो.
बोलायला हवं होतं.
पण त्याआधी तो उठला, विजार झटकली,
"उडी मात्र खराबच केल्यात," म्हणाला,
आणि यासीन असा उसळला
जणू जुन्या भागातला कंदील्या,
आधी गुडघ्यात वाकून.

त्या रात्री सगळ्यांच्या दुधाचे पैसे
त्यानंच दिले. उर्मिलाचे सोडून.