एक ते पाच

नाईट संपवून मी थेट वर्गात येते.
युनिफॉर्मवर ओढणी, हातांना अजून स्पिरिटचा वास.
मिरजेत सकाळी दहाला अध्यात्म कोण शिकतं?
सतरा पोरं, एक निवृत्त पोस्टमास्तर
आणि मी, वय त्रेचाळीस, स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड.

सरांनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली.
एकात धर्म, एकात आरोग्य.
मधला छेद खडूनं भरत म्हणाले,
आपला पेपर इथं आहे.
छेद बदामासारखा दिसत होता.
मी वहीत काढायला गेले तर त्याचा डोळा झाला,
मग त्याला झोप आली, आणि मलाही.

जागी झाले तेव्हा सर 'स्वस्थ'ची फोड करत होते:
स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे राहणारा,
जो स्वतःत राहतो तो स्वस्थ.
मला आवडलं. रात्री बेड नऊला सांगितलं,
गणपा हेगाणे, लिव्हर, सांगलीच्या मार्केट यार्डातला हमाल.
तो पोटाकडं बघत म्हणाला,
"सोतात ऱ्हायाला जागा कुठंय, सिस्टर,
समदीकडं पानी झालंय."

प्रोजेक्टसाठी प्रश्नावली होती: रुग्णांचे आध्यात्मिक स्वास्थ्य.
एक ते पाच, एका आकड्याला गोल करा.
प्रार्थनेनं बरं वाटतं का?
गणपा म्हणाला, पाणी काढल्यावर पाच.
पोट परत भरलं की दीड.
दीडला गोल करता येत नाही, मी म्हटलं.
"मग तसं देवाला सांगा."

संमतीपत्रावर त्याचा अंगठा घेतला.
पॅड निळं होतं, ठसा हिरवट उमटला.
सात महिने त्यानं पोतं उचललं नव्हतं.
डॉक्टर म्हणाले कावीळ. तो म्हणाला हळद.
खिडकीतल्या क्लार्कनं कागद परत सरकवला:
शाई निळी किंवा काळीच चालते.

बेड चार, अक्काताई मगदूम, कवठेपिरान.
सूर्य बुडाल्यावर तोंडात पाण्याचा थेंब नाही,
हे त्या सासरी आल्यापासून, म्हणजे एकसष्ट वर्षं.
शुगर तीनशेच्या वर, वॉर्डचं जेवण साडेसातला,
आणि नोव्हेंबरात सूर्य कुणासाठी थांबतो?
राऊंडला सगळे त्यांना समजावून थकले.
मी खाली जाऊन आचाऱ्याला भेटले.
दोन भाकऱ्या, मुगाचं वरण, कंद काही नको, पाच वाजता.
त्याआधी इन्सुलिन.
अक्काताई घास चावत खिडकीकडं बघायच्या,
उजेड किती उरलाय ते.

सहामाहीत प्रश्न आला:
श्रद्धा आणि उपचार यांतील संघर्ष उदाहरणासह लिहा. गुण दहा.
मी लिहिलं, संघर्ष होता, पण तो
स्वयंपाकघराच्या वेळापत्रकाशी होता.
चार मिळाले. शेजारी लाल पेनानं: संदर्भ?

गाईड म्हणाल्या, दुसऱ्यांना विचारण्याआधी
फॉर्म स्वतः भरून बघायचा असतो, ही पद्धत आहे.
मी तो पर्समध्ये घालून आठवडाभर फिरले.
दर्ग्यासमोरून रिक्षा वळायची तेव्हा आठवायचा,
भाजी घेताना आठवायचा.
पोस्टमास्तरांनी त्यांचा एका दमात भरला, सगळे पाच,
मग घरी नेऊन निम्मे खोडले म्हणे.

काल पहाटे तीनला वेळ मिळाला.
नऊवर आता दुसरा माणूस आहे, तासगावकडचा.
गादी उन्हात घालून आणली होती,
गणपाचा चष्मा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये,
घ्यायला कुणी आलेलं नाही.
पहिला प्रश्न वाचला. पेन उघडलं.
तेवढ्यात त्या माणसाला दम लागला.

ऑक्सिजन लावला, उशी उंच केली,
मनगट धरलं, घड्याळाच्या काट्याकडं बघत उभी राहिले.
जरा शांत झाल्यावर तो माझ्या ओठांकडं बघायला लागला.
म्हणाला, "कुठला जप करताय, बाई?"

मी नुसती मान हलवली.
बोलले असते तर आकडा चुकला असता.