आरसा सापडत नाही

पिवळी पेटी मीच लावली होती हँगरच्या दाराशी,
किल्ली माझ्या गळ्यात.
अकरा महिन्यांत तिच्यातून निघालं ते एवढंच:
च्युइंगमचा कागद, फुटबॉलच्या पैजेचा हिशेब
आणि कॅन्टीनच्या सूपला घातलेली एक शिवी,
तीही अशुद्ध.

सांतियागोहून शाबासकी आली.
वर्षभरात एकही चूक कळवली गेली नाही म्हणून
काचेत मढवलेलं शून्य.
मी ते भिंतीवर टांगलं, रोज बघत राहिले.
शून्य म्हणजे तरी काय,
बोलायला उघडलेलं तोंड
आणि आवाज नाही.

पुंता अरेनासला वारा असा की
रस्त्याकडेला दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
सुरक्षेची माझी पोस्टरं दोनदा उडून सामुद्रधुनीत गेली.
तिसऱ्यांदा मी छापली नाहीत.

तोवर मला नावेल्किनचं कळलं होतं.
माझ्या आधीची गोष्ट. त्याने एक बोल्ट जास्त आवळला
आणि आपणहून सांगितलं, सोमवारी.
शुक्रवारी त्याचा कप्पा रिकामा.
आता तो टॅक्सी चालवतो.
हँगरमधले सगळे त्याच्याच टॅक्सीने घरी जातात.
तो काही बोलत नाही.
तेवढं पुरतं.

मग मी रात्रपाळीला जाऊन बसू लागले,
पंखाखाली दिवा धरून.
येर्बाचा तुंबा हातोहात फिरायचा;
माझ्यापाशी पोचायला त्याला तीन आठवडे लागले.

ऑगस्ट. उणे सहा. पहाटेचे तीन.
एर्सिलिओ मान्सिया आला, सव्वीस वर्षं नोकरी,
पुसून झालेले हात पुन्हा पुसत.
त्याच्यामागे हत्यारांचा फळा,
प्रत्येक हत्याराची रंगवलेली सावली,
त्यातली एक सावली नुसतीच.
"आरसा सापडत नाही," तो म्हणाला.
लांब दांडीचा, नाण्याएवढा,
इंजिनाच्या पाठीमागे डोकवायला लागतो, तो.

सातला पुएर्तो विल्यम्सचं विमान.
चौदा माणसं, त्यातली एक आठव्या महिन्यातली,
शिवाय कांद्याची तीन पोती.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
याने मूठ उघडली होती आणि तिच्यात काहीच नव्हतं,
नेमकं तेच दाखवायला तो आला होता.

विमान थांबवलं. पत्रे काढले, फरशी उचलली,
सुकाणूच्या तारांमधून बोटं फिरवली.
साडेपाच तास.
बाहेर प्रवासी माझा उद्धार करत होते,
ती बाई मात्र बाकावर झोपली, तोंड उघडं टाकून.
आरसा निघाला एर्सिलिओच्याच जॅकेटच्या अस्तरात,
फाटक्या खिशातून खाली घसरलेला.

"म्हणजे उगीचच?" सांतियागोचा फोन.
उगीचच, मी म्हटलं.
पुन्हा असं उगीच झालं तरी चालेल,
हेही लिहून पाठवलं. खाली सही माझी.
एर्सिलिओ तोवर खिसा शिवत बसला होता,
विमानाच्या दोऱ्याने.

गुरुवारी पेटीत चिठ्ठी.
इंधनवाल्या पोराचं अक्षर, कोपऱ्यात तेलकट अंगठा:
शिडीची तिसरी पायरी हलते. गेल्या वर्षापासून.
मी जाऊन पाहिलं. हलते.
वर्षभर मीही चढत होते तिच्यावरून.

संध्याकाळी वाऱ्याने दार धरवेना
अशा टॅक्सीत बसले. नावेल्किनची.
बंदरापर्यंत गप्प. मग म्हणाला,
"आरसा सापडला म्हणे."
सापडला.
"कुठे?"
जॅकेटच्या अस्तरात.
तो हसला, पहिल्यांदाच,
आणि समोरचा आरसा जरासा वळवून
मला नीट पाहिलं.
"उद्या शुक्रवार," तो म्हणाला.
हो, मी म्हटलं.
उद्या एर्सिलिओची सकाळपाळी आहे.
सहाला न्यायला जाशील त्याला?