माणूस कमी, तिकडे

वेळागरच्या पुळणीवर ओहोटी लागली की
आम्ही सुरूच्या चार काठ्या रोवायचो.
एका बाजूची रेघ समुद्राची,
ती दर पाच मिनिटांनी खोटं बोलायची.

डेक्लन किरणपाण्याच्या तरीने आला,
दोन दिवसांसाठी म्हणून.
आयर्लंडचा. सतरा वर्षं पगारी फुटबॉलपटू,
सहा क्लब, शेवटचा मडगावचा,
उजवा गुडघा तिथेच ठेवून आलेला.
आमच्या गावातही बांगडा खारवतात, म्हणाला,
आणि न्हानूच्या आयशीने त्याला
मागच्या दाराने घरात घेतलं.

बाबलने पहिल्याच दिवशी विचारलं,
"तू खंय खेळायचस रे? फॉरवर्ड?"

तो वाळूत बसला, बोटं मोजू लागला.
पहिलं वर्ष उजवा बॅक,
कारण तिथल्या पोराचा घोटा मोडला होता.
मग डावीकडे. डावा पाय तोवर
फक्त सायकलवर चढायला वापरलेला.
मग मधे, मग मागे,
एका हिवाळ्यात नऊ नंबर: अकरा गोल,
पेपरात फोटो, आईने तो फ्रिजवर लावला,
आणि जानेवारीत क्लबने खरा नऊ नंबर विकत आणला.
एकदा गोलकीपरसुद्धा, शेवटची वीस मिनिटं.
पेनल्टी अडवली का?
नाही अडवली. हे तो आवर्जून सांगायचा.

"मग तुझी जागा खंयची?"

त्याला तेव्हा चाळीसेक शब्द येत होते मराठीचे.
"माणूस कमी," तो म्हणाला,
आणि हाताने दाखवलं, "तिकडे."

आमची निराशा झाली, खोटं कशाला बोलू.
भिंतीवर चिकटवावा असा
एकही पाय नव्हता त्याच्याकडे.

नोव्हेंबरात गुणाजी तांडेलाची रापण लागली.
उजेड फुटायच्या आत दोन्ही दोरांवर माणसं,
पाय वाळूत, कमरा मागे.
डेक्लन लांब उभा राहून बघत होता.
उत्तरेचा दोर जरासा सैलावला,
म्हाताऱ्या बस्त्यांवचा श्वास संपला होता,
कोणी ओरडायच्या आत हा तिथे,
बस्त्यांवच्या मागे,
त्याला कळूही न देता.
गुणाजीने बिडी काढली तोंडातली.
"ह्येका कोणी शिकवल्यान?"

तारली निघाली, थोडे पेडवे.
वाटे पडले. त्याला अर्धा.
त्याने तो टोपीत घेतला, काही बोलला नाही.
सहा क्लबांनीही
साधारण तसाच हिशोब केला असणार.

मी गोलकीपर होतो, मला तेवढंच व्हायचं होतं.
एका संध्याकाळी त्याने मला लेफ्ट बॅकला उभं केलं.
मी चेंडू समुद्रात मारला, मुद्दाम,
आणि घरी गेलो.
दुसऱ्या दिवशी गोलात तो स्वतः उभा होता,
दुखऱ्या गुडघ्यावर,
आणि माझी डावीकडची जागा रिकामी,
कोणालाही न दिलेली.
मी गेलो. आणखी काय करणार होतो?

चौथ्या पावसाआधी बहिणीचं पत्र आलं, तो परतला.
मग एक पोस्टकार्ड. मग तेही नाही.

मी आता शाळेत शिपाई आहे.
घंटा देतो. नळ गळला तर वायसर बदलतो.
गणिताचे सर ओरोसला मीटिंगला गेले की
चौथीचे पाढे घेतो. सतराचा मलाही अडतो.
परवा खिचडी करणारी बाई आली नाही,
तेव्हा मीच चूल पेटवली.
टोप उतरवायला फडकं सापडेना.
कपाटात होते त्याचे हातमोजे,
त्या वीस मिनिटांचे, दोन नंबर मोठे,
जाताना माझ्या हातात कोंबलेले.
मी ते घातले आणि
शंभर पोरांचं गरम जेवण
एक थेंब न सांडता
खाली उतरवलं.