लाल जागा

अफरीननं माझ्या फोनात ते ॲप टाकून दिलं
जेवणाच्या सुट्टीत, डब्याच्या झाकणावर फोन ठेवून.
"मॅडम, पासवर्ड काय ठेवू?"
म्हटलं, बावड्याच्या घराचा नंबर ठेव,
तेवढाच एक अजून विसरत नाही.

ती कागलची. चोवीस वर्षांची.
तिचा अंगठा काचेवर शिवणयंत्रासारखा पळतो.
माझं बोट एकेका अक्षरापाशी थांबतं,
नाडी बघितल्यासारखं.

पहिला धडा नऊ मिनिटांचा: पाठीची काळजी.
मला हसू आलं.
पडद्यावर एक प्लास्टिकचा माणूस कुशीवर निजलेला,
त्याला ना धाप, ना वास, ना बाहेर बसलेली बायको.
खाली पुस्तकी मराठीतली ओळ सरकली:
हाडावरील लालसर त्वचेस मर्दन करू नये.

मागं नेलं. परत तीच ओळ.
"अफरीन, मर्दन म्हणजे चोळणंच ना गं?"
"होय मॅडम. आत आधीच फाटलेलं असतंय म्हणे.
चोळलं की आणि फाटतंय."

डबा तसाच राहिला.

एकतीस वर्षं.
स्पिरिटचा बोळा, वर पावडर, तळहात गोल गोल.
लाल दिसलं की जास्त जोर. जास्त माया.
मिरजेच्या ट्रेनिंगात बाईंनी हात धरून शिकवलेलं,
मी तसंच हात धरून किती पोरींना.
गडहिंग्लजचे पाटणे मास्तर पालथे पडून म्हणायचे,
"पोरी, तुझ्या हाताला गुण आहे."
शिरोलीच्या फौंड्रीतला तो शिवलिंग,
कमरेखालचं काहीच न कळणारा,
त्याला तर मी दिवसातून दोनदा.

ॲपनं विचारलं, धडा समजला का?
हो. नाही.
दोनच बटणं.

रात्रपाळी. बत्तीस खाटा, आम्ही दोघी.
दर दोन तासांनी खिशात फोन थरथरतो:
खाट बारा, कूस बदलली?
बारा नंबरला हुपरीच्या आक्काताई,
पैंजणांना घुंगरं जोडण्यात जन्म गेला.
उजवं अंग गेलंय, पण डावी बोटं
झोपेतही काहीतरी ओवत असतात.

वहीत आम्ही पहाटे एकदम बसून लिहायचो:
दोन, चार, सहा,
एका पेनानं, एका दमात.
वहीला घड्याळ नव्हतं.

चारची कूस चार पन्नासला झाली.
चौकोन लाल.
अफरीन आधीच कुजबुजली होती,
"हो दाबून टाका मॅडम, मग सावकाश फिरवू.
सगळ्या वॉर्डात तसंच चालतंय."
मी दाबलं नव्हतं.
विलंबाचे कारण लिहा, शंभर अक्षरांत.
लिहिलं:
सात नंबर गेल्या. माझा हात धरला होता. सोडवला नाही.
बरीच अक्षरं उरली.
सकाळी मीटिंगमध्ये हा चौकोन भिंतीवर दिसेल,
मोठा होऊन.
दिसू दे की.

मग आक्काताईंना आम्ही दोघींनी वळवलं.
माकडहाडावर रुपयाएवढी लाल जागा.
माझा तळहात आपोआप पुढं गेला,
गोल फिरायला निघालेला.
मधेच थांबवला.
फक्त बोट टेकवून दाबलं, उचललं.
जागा पांढरी झाली. मग हळूहळू पुन्हा लाल.
म्हणजे रक्त अजून येतंय जातंय,
अजून वेळ आहे.

अफरीनला म्हटलं, आण बोट. असं बघायचं. चोळायचं नाही.
मागच्या महिन्यात मी तुला चुकीचं शिकवलं.

ती म्हणाली, "माहीत होतं मॅडम.
कॉलेजात सांगितलेलं."

मग बोलली का नाहीस?

ती आक्काताईंच्या पाठीमागची उशी
नीट करत राहिली,
नीट असलेलीच.