अख्खा मगज

सप्टेंबर सरताना आम्ही घराला कुलूप लावतो,
कोंबड्या, चूल, आजारी नवरा, सगळं घेऊन
आर्सलानबोबच्या वरच्या रानात जातो.
ताडपत्री ताणली की झालं घर.
तरणी पोरं फांद्यांवर नाचतात,
खाली आमच्या पाठींवर अक्रोडांचा मार.
हिरव्या सालीचा रस एकदा हाताला लागला
की नवरोजपर्यंत जात नाही.

यंदा तुर्गुनबॉय झाडावर चढला नाही.
चाळीस वर्षं ज्याचा पाय फांदीवरून सुटला नाही
तो खाली पोट धरून पोती मोजत बसला.
नानच्या घासालासुद्धा भितो आता.

शहरातल्या दवाखान्यात
डॉक्टर झामिराने नळी घातली, पडद्यावर दाखवलं:
लाल, ओला, सुजलेला बोगदा.
"तंदूर आहे की," तो म्हणाला.
तिने गोळ्या लिहिल्या. मग पेन थांबवून विचारलं,
अक्रोड खाता का?
आम्ही दोघंही हसलो.
मासोळीला विचारावं, पाणी पितेस का!

पण बस तिसऱ्या वळणावर आली आणि हसू उतरलं.
कारण आम्ही खातो ते काय?
अख्खा मगज, फुलपाखरू, दोन्ही पंख शाबूत,
तो खोक्यात, तुर्की व्यापाऱ्याचा.
अर्धा निघाला तर बाजाराचा.
चुरा, काळा पडलेला, खवट, किडका,
तो आमचा.
हिवाळाभर दगडावर हातोडी, टक्, टक्,
आणि मगज तुटला की स्वतःलाच शिवी.
लेकरांना बोलायच्या आधी शिकवलं,
अख्ख्याला हात लावायचा नाही.
अख्खा म्हणजे छपराचा पत्रा,
दिलोरॉमचे बूट, तिचं मॉस्कोचं तिकीट.

झामिराचं सांगणं मी पदरात बांधून आणलं:
रोज सात. खारवू नका, तळू नका.
वरची कडू साल काढू नका, गुण तिच्यातही आहे.
पोट पेटलेलं असेल त्या दिवशी नाही,
शांत असेल तेव्हा, बारीक कुटून, दह्यात.
गोळ्या सोडायच्या नाहीत.
आणि आत एक वस्ती आहे, म्हणाली,
डोळ्याला न दिसणारी.
तिला खायला मिळालं तर ती घर राखते,
उपाशी राहिली तर भिंती कुरतडते.

एवढं मात्र मला लगेच कळलं.
झाडाखाली काय पडतं, कोण खातं,
हे मी परकर नेसायच्या आधीपासून बघते:
डुक्कर, खार, चोरटं पाखरू,
मग मुंग्या, मग बुरशी, मग माती.
ज्या वर्षी आम्ही पाचोळा झाडून सगळंच उचलतो
त्या वर्षी उतार लाल, सोललेला दिसतो.
पडद्यावर दिसला तसाच.

पहिला बर्फ पडला त्या रात्री
मी खोक्यात हात घातला.
सात काढले. निवडून. अख्खे.
"वेडी का तू? चुऱ्यातले घे."
"तुझं आतडं काय चुऱ्यातलं आहे?"
खलात टाकले तेव्हा तो पुटपुटला,
कुटायचेच होते तर अख्खे कशाला?
बरोबर होतं त्याचं.
तरी मी अख्खेच कुटले.

त्याला आज तीन आठवडे.
सूज उतरली का, मला ठाऊक नाही;
नळी पुन्हा वसंतात.
अजून काही रात्री तो उठतो,
भिंतीला धरून अंगणात जातो,
मी जागी आहे हे त्याला माहीत असतं.

आज व्यापारी आला. काटा लावला.
"या खेपेला पाऊण किलो कमी," म्हणाला.
मी "हो" म्हटलं, काळे हात पदराखाली घेतले.
मागे तुर्गुनबॉय फाटकं पोतं शिवत बसला होता,
दोन्ही हातांनी.