अबोला धरतात

नाना पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
सातच्या वर्गाला मी फळ्यावर लिहिलं:
ब्रेक द आइस.
खाली घमेल्यात पंक्चरची ट्यूब बुडबुडत होती.

सांगितलं, पुस्तकात होतं तसं:
थंड मुलखात नद्या गोठतात,
एक जाड बुडाचं जहाज पुढे जातं बर्फ फोडत,
मागून मालाची गलबतं.
म्हणजे अनोळखी माणसांत
पहिला शब्द जो बोलतो, तो.
उतरवून घ्या.

शेवटच्या बाकावरून सुदाम लडकत म्हणाला,
"मॅडम, बर्फ असा नाही फुटत."

गणेश पेठेत मासळीबाजाराला बर्फ तोच पुरवतो.
पहाटे चारला लाद्या उतरतात, भुसा चिकटलेल्या.
"जोर लावला की निस्ता भुगा, अर्धा गटारात.
आधी हात फिरवायचा.
आत एक पांढरी शीर असते. सापडली
की तिच्यावर टोचा धरायचा, आणि टक्.
लादी आपली आपण उलते."

टक्‌ला इंग्रजीत काय, कुणीतरी विचारलं.
मला आलं नाही.

मराठीसाठी फळ्याचा उजवा कोपरा ठेवला होता.
लिहिलं: कोंडी फोडणे.
पुसलं.
कोंडी स्वारगेटला होते, वाटाघाटींत होते,
दोन माणसांत होतो तो अबोला.
आणि अबोला कुणी फोडत नाही,
सोडतात.
धरलेला असतो ना, म्हणून.
इतकी वर्षं शिकवते आहे,
हे क्रियापद कधी नीट पाहिलंच नव्हतं.

घरी आले. हाताला खडू तसाच.
कुमुदताई कोथरूडला, दोन बस लांब.
आईच्या पाटल्यांवरून सहा वर्षं.
दिवाळीचा डबा वॉचमनकडे ठेवून जाते,
मी रिकामा डबा वॉचमनकडेच परत देते,
रिकामा देऊ नये हे माहीत असून.

बराच वेळ हात फिरवला. पाटल्या, दवाखान्याचं बिल,
तेराव्याला ती जे बोलली ते, मी जे बोलले ते.
शीर भलतीकडेच होती.

फोन लावला. म्हटलं,
"चकलीच्या भाजणीत धणे किती घालायचे?"
मला माहीत होतं.
तिलाही माहीत होतं, मला माहीत आहे ते.

कुकरची एक शिट्टी झाली तिच्याकडे. मग दुसरी.
"पाव वाटी. कोरडे भाज," म्हणाली,
आणि ठेवला.

पुढच्या मंगळवारी फळ्यावर
मांजर पिशवीतून बाहेर.
सुदाम विचारत होता,
पण आधी घातलं कुणी?