सोपट

काझीगुंडला रस्ता बंद.
आज तिसरा दिवस.
मागे ट्रकांची रांग, पुढेही रांग,
माझ्या गाडीत रावेरची केळी, बारा टन, कच्ची,
थंडीनं काळी पडायच्या आत पोचवायची.

लुकमान, माझा क्लीनर, बोनेटवर हात शेकत उभा.
पहिल्यांदा बर्फ बघितला तेव्हा म्हणाला,
"भाऊ, एवढा कापूस वेचायचा राहिला कोणाचा?"

उतारावर पोरं घसरत होती.
दोन वाकवलेल्या फळ्या, वर पाट, पुढे दोर.
चाक नाही.
सकाळी बाप त्याच्यावरून जळण आणतो,
दुपारी पोरं बसतात.
मी म्हटलं, लुकमान,
हा तर आपला घसरा.

पालच्या वर आमच्या पाड्याला
चाक कधी चढलंच नाही.
अंजनाची दुबेळकी फांदी, तिच्यावर चार आडव्या दांड्या,
वाखाचा दोर, पुढे एक बैल.
त्याच्यावर मोहाची पोती उतरली,
नांगर शेतावर गेला अन् परत आला,
मशिदीची पायरी आली, अखंड, एका दगडाची.
आणि एका आषाढात, नाला भरून वाहत असताना,
जैतूनकाकी.

खाली केळीची सोपटं, वर गोधडी,
म्हणजे दगड टोचू नये.
बा बैलाच्या कानाशी काहीतरी बोलत होता,
चौघे मागून दोर ताणून
उतार आवरत होते.
सडक गाठायची होती. नाही गाठली.
सादड्याखाली घसरा थांबला,
बायांनी पदर धरले,
आणि तेवढा वेळ बैलानं
कान हलवला नाही, माशी बसली तरी.

शाळेत लुकमानला घसऱ्याच म्हणायचे.
एकदा हजेरी घेताना गुरुजीही चुकले.

खेळायला आम्हाला घसरा मिळायचा नाही.
आम्ही सोपट चोरायचो,
घड उतरवलेल्या बागेतून, पाटलाचा गडी जेवायला बसला की.
सोपटाची पाठ खाली, पोट वर, पोटात आपण,
अन् गारबर्डीच्या धरणाची गवताळ भिंत.
वरून सुटलं की खाली बाभळीपर्यंत
आईचं नाव आठवायचं नाही.
घरी गेल्यावर आठवायचं.
चिकाचा डाग चड्डीवर, राखेनं नाही, सोड्यानं नाही,
कशानंच निघत नाही.

लुकमान ताडपत्रीखाली शिरला.
घडांना घासू नये म्हणून आम्ही सोपटं अंथरतो,
त्यातलं एक ओढून आणलं.
पोरं हसली.
तो बसला. हललंच नाही.
गारठून लाकूड झालेलं सोपट, अन् त्यात सव्वीस वर्षांचा बाप्या.
मग एका लाल टोपीच्या पोरानं
मागून पाय लावला.

गेला.
अर्ध्या उतारावर ओरडला, "होऽ, होऽ, होऽ!"
बैल थांबवायची हाक.
तिथे बैल कुठला,
पण खाली जळण ओढणारा म्हातारा
आपला दोर धरून जागीच थांबला,
आणि लुकमान त्याच्या पायाशी जाऊन पडला.
म्हाताऱ्यानं सोपट उचललं,
वास घेतला, उलटं करून पाहिलं,
बोटानं पाठीवरून उतार ओढला.
काहीतरी म्हणाला. आम्हाला कळलं नाही.
बरंच असावं, कारण परत देईना.

संध्याकाळपर्यंत सात सोपटं गेली.
आठवं मी स्वतः काढून दिलं.

रात्री रस्ता सुटला.
मंडीत व्यापाऱ्यानं मागचे घड बघितले, घासलेले,
भाव तोडला. मी काही बोललो नाही.
बाहेर लुकमान पँटच्या मागच्या डागावर
मूठमूठ बर्फ घासत होता.
"निघतो का रे?"
"ना भाऊ," तो म्हणाला,
आणि घासतच राहिला.